पीडी-एल१ ८० टक्के, तरीही थांबायचे का? फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक प्रकरण

अचूक, म्हणजे गाठीतील जनुकीय बदल पाहून ठरवलेल्या, कर्करोग-उपचारांवरील परिषद नवी मुंबईत भरवायची म्हटली की सकाळच्या सत्रातील मोठी व्याख्याने कोणत्या विषयांवर होणार, याचा अंदाज आधीच बांधता येतो. टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र खारघरला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या पहिल्या देशी कार-टी पेशी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरण्याच्या) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अशा विषयाला गर्दी होणे स्वाभाविक आहे. दुपारच्या जेवणानंतरच्या प्रकरण-चर्चेला मात्र खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील दवाखान्यांत दुसऱ्या दिवशी सकाळी उपयोगी पडणारी चर्चा अनेकदा तिथेच होते. पुढील प्रकरण अशाच एका सत्रासाठी तयार करून तिथे मांडलेले आहे.

यातील रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही. या भागात वारंवार दिसणाऱ्या घटना एकत्र जुळवून, कोणाचीही ओळख उघड होऊ नये अशा रीतीने, हे प्रकरण अध्यापनासाठी रचले आहे. औषधे, चाचण्या आणि अभ्यास यांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे. दुर्मीळ आजाराऐवजी हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की त्यात दुर्मीळ काहीच नाही. जनुकीय बदल नेहमीचा, त्यावरचे औषध वीस वर्षांपूर्वीचे, आणि तरीही योग्य उपचार योग्य वेळी मिळेपर्यंत तो तीन ठिकाणी हुकू शकला असता. त्या तीनही ठिकाणी प्रश्न औषध कोणते याचा नव्हता. कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, याचा होता.

प्रकरणाची पार्श्वभूमी

ऐरोली येथे राहणाऱ्या ५६ वर्षांच्या गृहिणी. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी कशाचीही सवय नाही. यजमान टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यातून निवृत्त, मुलगा महापे येथे खासगी नोकरीत. तीन महिने कोरडा खोकला, भूक मंदावलेली, वजन घटलेले आणि जिना चढताना धाप लागत असलेली. छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पाणी दिसले. ते सुईने काढून तपासले असता लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त, प्रथिने जास्त, एडीए (क्षयरोगात वाढणारे विकर) ३४, आणि क्षयरोगासाठीची सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह. तरीही लक्षणे आणि पाण्याचे स्वरूप पाहून क्षयरोगाचा कोर्स सुरू झाला.

या निर्णयाची परिषदेत कोणी खिल्ली उडवली नाही, हे नमूद करायला हवे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि छातीत भरणारे लिम्फोसाइटयुक्त पाणी हे क्षयरोगाचे परिचित रूप आहे. मात्र एडीए ४० च्या खाली, सीबीनॅट निगेटिव्ह आणि वय पन्नाशीच्या पुढे, अशा वेळी त्याच पाण्याची पेशीतपासणी मागवणे अगदी सोपे होते. ती मागवली गेली नाही. सहा आठवड्यांनी पाणी पुन्हा भरले, आणि या वेळी ते तांबूस होते. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सुमारे ४ सेंटिमीटरची गाठ, छातीच्या मध्यभागातील वाढलेल्या लसिका ग्रंथी आणि पाठीच्या एका मणक्यात डाग दिसला. आजार चौथ्या टप्प्यात होता. मेंदूच्या एमआरआयमध्ये काही आढळले नाही.

सीटीच्या मार्गदर्शनाखाली गाठीतून सुईने दोन बारीक तुकडे काढण्यात आले. पॅथॉलॉजिस्टने मोजक्याच विशेष चाचण्या लावल्या: टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह, म्हणजे फुप्फुसातील ग्रंथिपेशींचा कर्करोग, अ‍ॅडेनोकार्सिनोमा. उरलेल्या तुकड्यावर दोन चाचण्या एकाच वेळी मागवल्या गेल्या. पीडी-एल१ (इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध चेतवणारा उपचार, लागू पडेल का याचा अंदाज देणारे गाठीच्या पेशींवरील प्रथिन) ही चाचणी स्थानिक प्रयोगशाळेत झाली आणि तिचा रिपोर्ट दोन दिवसांत आला: ८० टक्के. जनुकांची व्यापक तपासणी, म्हणजे एनजीएस, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. तिचा निरोप आठवड्याने आला, आणि त्यात नमुना अपुरा असल्याचे कळवले होते.

आधी आलेला रिपोर्ट

दोन दिवसांत हाती आलेल्या ८० टक्क्यांचे काय करायचे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. मुलाने इंटरनेटवर वाचून ठेवले होते. त्याने कर्करोगतज्ज्ञांना सरळ विचारले, "डॉक्टर, ५० च्या वर असेल तर केमोशिवाय इम्युनोथेरपी चालते ना? आईचं ८० आहे. मग थांबायचं कशासाठी?" तज्ज्ञांनी उत्तर दिले, "आईंना आणखी आठ दिवस द्या. दुसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत ते इंजेक्शन मी लावणार नाही."

मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. पीडी-एल१ ५० टक्के किंवा त्याहून जास्त असणाऱ्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे एकटे औषध केमोथेरपीपेक्षा सरस ठरते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०२४ या ३०५ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले आहे. पण त्या अभ्यासात ईजीएफआर या जनुकात औषधास प्रतिसाद देणारा बदल असलेले आणि एएलके या जनुकाची पुनर्रचना असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणजे ८० टक्क्यांचा आकडा वाचण्यापूर्वी ईजीएफआर आणि एएलके यांची उत्तरे माहीत असणे ही त्या अभ्यासाची अटच होती. घरी पोहोचणाऱ्या माहितीत आकडा येतो, अट येत नाही.

अट मोडल्यास काय होते, याचेही पुरावे आहेत. ईजीएफआर बदल असलेल्या आणि पीडी-एल१ पॉझिटिव्ह असलेल्या, लक्ष्यवेधी (त्या बदलावरच काम करणारी) गोळी अजून न घेतलेल्या रुग्णांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब देऊन पाहण्याचा एक छोटा अभ्यास अमेरिकेत २५ रुग्णांसाठी आखला होता. तो ११ रुग्णांनंतर थांबवावा लागला. त्यातील एकाच रुग्णाची गाठ आकसली होती आणि फेरतपासणीत त्या रुग्णाचा मूळ ईजीएफआर रिपोर्टच चुकीचा असल्याचे आढळले. २०१९ मधील इम्युनोटार्गेट या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत इम्युनोथेरपीचा प्रतिसाद ईजीएफआर गटात सुमारे १२ टक्के, तर एएलके गटात शून्य होता.

औषध निष्फळ ठरणे एवढाच धोका असता तर आठ दिवस थांबण्याचा आग्रह इतका धरला नसता. मोठा धोका पुढच्या औषधाशी जोडलेला आहे. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी इम्युनोथेरपी आणि नंतर ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरील गोळी घेतलेल्या ४१ पैकी ६ रुग्णांत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांत, गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणाम दिसले. दोन्हींमधील अंतर तीन महिन्यांच्या आत असेल तर हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. उलट क्रमाने, म्हणजे आधी ओसिमर्टिनिब आणि नंतर इम्युनोथेरपी घेतलेल्या २९ जणांत असा एकही गंभीर दुष्परिणाम नोंदला गेला नाही. इम्युनोथेरपीचे परिणाम शरीरात महिनोन्‌महिने टिकतात. एकदा दिलेले इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. दोन्ही औषधे तीच, दोन्ही वेळा मात्रा तीच, आणि निव्वळ क्रम बदलल्याने फुप्फुसाला सूज येण्याची जोखीम इतकी वाढते, हे सभागृहातील बऱ्याच तरुण डॉक्टरांना नवीन होते.

याच टप्प्यावर रुग्णाची पूर्वपीठिका विचारात घ्यायला हवी. धूम्रपान न केलेली स्त्री आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ईजीएफआरची शंका आपोआप वर यायला हवी. टाटा मेमोरियलमधून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९०७ भारतीय रुग्णांच्या अभ्यासात हा बदल २३ टक्क्यांत आढळला होता, आणि धूम्रपान न करणाऱ्यांत व स्त्रियांत तो आणखी जास्त असतो. ज्या रुग्णात उत्तर ईजीएफआर असण्याची शक्यता एवढी आहे, तिथे पीडी-एल१चा रिपोर्ट आधी येणे हा निव्वळ प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाचा योगायोग आहे. त्याला वैद्यकीय अर्थ नाही.

आणि रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी नसेल तर? त्यावरही चर्चेत फारसे दुमत नव्हते. अशा वेळी इम्युनोथेरपी वगळून पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिन या केमोथेरपीच्या औषधांची पहिली फेरी द्यावी; रिपोर्ट काहीही आला तरी तिच्यामुळे पुढची दारे बंद होत नाहीत. या प्रकरणात वाट पाहण्याचे आठ दिवस वायाही गेले नाहीत, कारण पेमेट्रेक्सेडच्या आधी साधारण आठवडाभर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणि बी-१२चे इंजेक्शन द्यावेच लागते. ती तयारी त्याच दिवशी सुरू करण्यात आली.

पाण्याची बाटली

नमुना अपुरा, हा निरोप कर्करोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामातील सर्वांत निराश करणारा निरोप असावा. अचूक उपचारांची सगळी इमारत शेवटी मेणात बसवलेल्या नखाएवढ्या तुकड्यावर उभी असते. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये किती तास राहिला, त्यात गाठीच्या पेशी किती टक्के आहेत, ब्लॉक मशीनवर किती वेळा चढवला गेला, या गोष्टींवर पुढचा रिपोर्ट येणार की नाही हे ठरते. दर वेळी ब्लॉक नव्याने कापायला घेतला की पृष्ठभाग सपाट करण्यात काही काप वाया जातात. म्हणून बारीक तुकड्यांच्या बाबतीत पहिल्याच बैठकीत जास्तीचे, रंग न दिलेले काप काढून ठेवावेत, असा आग्रह सत्रातील पॅथॉलॉजिस्टने धरला. हे काम फुकट होत नाही आणि त्यासाठी मागणीपत्रावर फुप्फुसाच्या कर्करोगाची शंका लिहिलेली असावी लागते. "छातीतील गाठ, तपासणीसाठी" एवढेच लिहिले असेल तर पॅथॉलॉजिस्ट निदानाच्या शोधात दहा-बारा चाचण्या लावतो आणि तुकडा संपतो.

पण या प्रकरणात खरा प्रश्न तुकड्याचा नव्हता. छातीतून दुसऱ्यांदा पाणी काढले तेव्हा ते जवळजवळ एक लिटर निघाले होते. त्यातील दोन लहान ट्यूब प्रयोगशाळेत गेल्या आणि बाकीचे सिंकमध्ये ओतले गेले. पेशीतपासणीत त्याच पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तेव्हा उरलेले कुठे गेले याची कोणी चौकशी केली नाही. वास्तविक अशा पाण्यातील पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून त्यांचा सेल ब्लॉक (मेणात बसवलेला पेशींचा गोळा) करता येतो, आणि तो सुईच्या तुकड्यापेक्षा कितीतरी समृद्ध असू शकतो. पाणी जितके जास्त पाठवाल तितक्या पेशी जास्त. वर उरणाऱ्या स्वच्छ द्रवातही गाठीचा डीएनए तरंगत असतो.

पुन्हा बायोप्सी करायची की रक्तातून डीएनए तपासायचा, असा पेच कुटुंबापुढे ठेवला गेला होता. मुलाला रक्ताची चाचणी साहजिकच सोपी वाटली. ती उपयुक्त आहेच, पण तिच्या मर्यादा कुटुंबाला स्पष्ट सांगायला हव्यात: रक्तात बदल सापडला तर त्यावर विश्वास ठेवता येतो, सापडला नाही तर तो गाठीत नाही असे म्हणता येत नाही. शिवाय नेहमीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतले तर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो; ऐरोलीत सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळच्या कुरिअरने परगावी पाठवायचा असेल तर पेशी टिकवून धरणारी खास ट्यूब हवी.

धाप कमी करण्यासाठी पाणी तिसऱ्यांदा काढावे लागणारच होते. म्हणून या वेळी पूर्ण बाटली, काढल्यानंतर लगेच, प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले आणि त्याच दिवशी रक्तही घेतले गेले. सेल ब्लॉकमध्ये गाठीच्या पेशी ६० टक्क्यांच्या आसपास निघाल्या. चार दिवसांत पीसीआरचा (ठरावीक जनुकीय बदल शोधणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट आला: ईजीएफआर जनुकाच्या १९ व्या एक्झॉनमध्ये, म्हणजे भागात, डिलिशन; तिथला तुकडा गळालेला. रक्तानेही नंतर तेच सांगितले. नवी सुई टोचावी लागली नाही.

इथे सत्रात एक मतभेद राहून गेला आणि तो मिटवण्याचे कारण मला दिसत नाही. काहींचे म्हणणे असे की पहिल्याच दिवशी एनजीएस मागवणे बरोबरच होते, कारण ईजीएफआर, एएलके, आरओएस१ अशा एकेका जनुकाच्या चाचण्या लावत गेल्यास तुकडा जास्त खर्च होतो आणि एक्झॉन २० मधील इन्सर्शनसारखे (जादा तुकडा शिरण्याचे) बदल साध्या पीसीआरमधून निसटू शकतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की तुकडा मुळातच लहान असेल, प्रयोगशाळा दूर असेल आणि एनजीएसला दोन-तीन आठवडे लागणार असतील, तर ईजीएफआरचे पीसीआर आणि एएलके-आरओएस१ची स्लाइडवरील तपासणी आधी उरकून उरलेल्या नमुन्यावर एनजीएस करावी. माझे मत दुसऱ्या बाजूकडे झुकते, पण मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच एनजीएस मशीन असणाऱ्याला पहिली बाजू पटावी, यात नवल नाही.

क्षयरोगाच्या गोळ्या

रिपोर्ट हाती आला, औषध ठरले, आता प्रिस्क्रिप्शन लिहायचे, इतक्यात सत्रातील छातीविकारतज्ज्ञांनी विचारले, "त्यांचा टीबीचा कोर्स बंद केलाय का कोणी?"

केला नव्हता. निदान बदलले, डॉक्टर बदलले, फाईल बदलली, पण सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या चालूच होत्या. हे नेहमी घडते. कर्करोग रुग्णालयात जाताना घरचे लोक सीटीच्या फिल्मा आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जातात. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहते. कोणती औषधे चालू आहेत असे विचारले तर बीपीची गोळी सांगितली जाते. टीबीचा कोर्स अर्ध्यात सोडायचा नाही हे इतके ठसवलेले असते की तो सोडावा का, असा प्रश्नही कोणाच्या मनात येत नाही.

या कोर्समधील रिफाम्पिसिन यकृतातील सीवायपी३ए४ या विकराचे काम जोराने वाढवते, आणि ईजीएफआरवरील बहुतेक गोळ्यांची विल्हेवाट याच विकराकडून लागते. निरोगी स्वयंसेवकांतील चाचण्यांत रिफाम्पिसिनसोबत दिलेल्या जेफिटिनिबचे, म्हणजे ईजीएफआरवरील जुन्या गोळीचे, रक्तातील एकूण प्रमाण सुमारे ८३ टक्क्यांनी घटले होते. कर्करोगाच्या रुग्णांतील चाचणीत ओसिमर्टिनिबचे ७८ टक्क्यांनी. म्हणजे रिपोर्ट अचूक, औषध अचूक, गोळी रोज वेळेवर, आणि रक्तात औषध जेमतेम पाचवा हिस्सा. दोन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली असती आणि औषधाला प्रतिकार निर्माण झाला असा निष्कर्ष काढून पुढचे, अधिक महागडे औषध सुरू झाले असते. खरे कारण कदाचित कधीच कळले नसते.

परदेशातील मोठ्या परिषदांत हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. तिथल्या अभ्यासांत अशी प्रबळ विकरवर्धक औषधे घेणारे रुग्ण सहसा घेतलेच जात नाहीत, आणि तिथे कर्करोगाच्या आधी दीड महिना रिफाम्पिसिन खाऊन आलेला रुग्ण विरळा. आपल्याकडे असा रुग्ण कळव्यापासून पनवेलपर्यंत कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात भेटेल. इम्युनोथेरपीच्या नव्या संयोगांवरील दोन व्याख्याने कमी झाली असती आणि या एका परस्परक्रियेला सकाळच्या सत्रात अर्धा तास मिळाला असता, तर परिषदेचे काही बिघडले नसते.

पण कोर्स बंद करणेही डोळे झाकून करायची गोष्ट नाही, कारण क्षयरोग आणि फुप्फुसाचा कर्करोग एकाच छातीत नांदू शकतात. इथे सीबीनॅट निगेटिव्ह, एडीए कमी, पाण्याचे कल्चर सहा आठवड्यांनी निगेटिव्ह, आणि बायोप्सीत क्षयरोगाची खूण असणारा ग्रॅन्युलोमा नाही. पाणी भरण्याचे कारण कर्करोगानेच स्पष्ट होत होते. छातीविकारतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याने कोर्स थांबवण्यात आला आणि क्षयरोग कार्यक्रमाच्या निक्षय पोर्टलवर निदान बदलल्याची नोंद करण्यात आली; नाहीतर आरोग्यसेविका कोर्स सोडलेली रुग्ण म्हणून घरी चौकशीला आली असती. क्षयरोग खरोखर सिद्ध झाला असता तर रिफाम्पिसिनऐवजी सौम्य परिणामाचे रिफाब्युटिन वापरणे, किंवा औषधपत्रकानुसार गोळीची मात्रा वाढवणे, म्हणजे जेफिटिनिब ५०० आणि ओसिमर्टिनिब १६० मिलिग्रॅम, असे मार्ग उरले असते. मात्रा वाढवली तर रिफाम्पिसिन बंद झाल्यावर ती पुन्हा खाली आणण्याची तारीखही तेव्हाच लिहून ठेवावी लागते.

रिफाम्पिसिन बंद केल्यावर विकराचा जोर लगेच ओसरत नाही. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर काय करायचे, याचे उत्तर पुढच्या निर्णयातच मिळाले.

कोणती गोळी

सभागृहातील मतदानात बहुसंख्य हात ओसिमर्टिनिबसाठी वर गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरा अभ्यासात या औषधाने आजार वाढेपर्यंतचा मध्यम कालावधी १८.९ महिने मिळाला, जुन्या गोळ्यांनी १०.२. पुढे एकूण आयुर्मानातही ३८.६ विरुद्ध ३१.८ महिने असा फरक दिसला. ओसिमर्टिनिबला केमोथेरपीची जोड देणाऱ्या फ्लॉरा-२ मध्ये आजार वाढेपर्यंतचा कालावधी २५.५ महिन्यांवर गेला. हात वर करणाऱ्यांचे शास्त्र बरोबर होते. पण मतपत्रिकेवर किंमत छापलेली नव्हती.

या कुटुंबाकडे मुलाच्या कंपनीचा आई-वडिलांसाठीचा मर्यादित विमा होता आणि यजमानांची निवृत्तीची रक्कम होती. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क माफ झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने त्यावरील कर १२ वरून ५ टक्के करण्याचे ठरवले. तरीही वर्षानुवर्षे रोज घ्यायची ही गोळी मध्यमवर्गीय घराला जड जाते. कंपनीच्या रुग्णसहाय्य योजनेचा हिशेब मांडूनही दुसऱ्या वर्षाचा खर्च बसत नव्हता. मध्येच पैसे संपून गोळी थांबणे हे सर्वांत वाईट.

उपचार ठरवणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने शेवटी जेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिन हा मार्ग सुचवला. याचा पुरावा परळला तयार झाला आहे. टाटा मेमोरियलमध्ये ३५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या जेफिटिनिबने आजार ८ महिने आवरला गेला, जोडीला केमोथेरपी दिल्यावर १६ महिने. एकूण आयुर्मानही वाढले. किंमत दुष्परिणामांत मोजावी लागली: गंभीर त्रास २५ टक्क्यांऐवजी ५१ टक्क्यांत. वेगवेगळ्या अभ्यासांतील १६ आणि १८.९ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे शास्त्राला धरून नाही, हे मान्य. पण या मार्गाला गरिबांचा पर्याय म्हणून हिणवणेही शास्त्राला धरून नाही. जेनेरिक जेफिटिनिब परवडते, आणि तीन आठवड्यांनी एकदा डे-केअरला येणे ऐरोलीहून जमण्याजोगे होते. मेंदूत आजार असता तर मी ओसिमर्टिनिबचा आग्रह धरला असता, कारण ते मेंदूत अधिक चांगले पोहोचते. इथे एमआरआय स्वच्छ होता.

या निवडीने मघाचा पेचही सुटला. पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात; रिफाम्पिसिनने चेतवलेल्या विकराशी त्यांचा फारसा संबंध नाही. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ आधीच सुरू होते. त्यामुळे केमोथेरपीची पहिली फेरी लगेच द्यायची आणि जेफिटिनिब दोन आठवड्यांनी, विकराचा जोर ओसरल्यावर, नेहमीच्या २५० मिलिग्रॅम मात्रेत जोडायचे असे ठरले.

उशिरा आलेली पाने

सेल ब्लॉकवरील एनजीएसचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. तो बराच लांबलचक होता. पहिल्या पानावर ईजीएफआरचे डिलिशन, जे आधीच माहीत होते. सोबत टीपी५३ या जनुकातील बदल, ज्यावर आज देण्याजोगे औषध नाही. आणि आतल्या एका पानावर बीआरसीए२ या आनुवंशिक कर्करोगाशी जोडल्या जाणाऱ्या जनुकातील, अर्थ न ठरलेला एक बदल, ज्याच्यासमोरच्या रकान्यात ओलापॅरिब या औषधाचे नाव छापलेले. मुलाने नेमके त्याच पानाला खूण करून आणली होती.

अर्थ न ठरलेल्या बदलावर उपचार करायचा नाही, आणि त्याच्या आधारे मुलीची किंवा बहिणीची तपासणीही करायची नाही, हे मंडळाने स्पष्ट लिहून दिले. असे रकाने रिपोर्टात का छापले जातात, यावर थोडी गरमागरमी झाली. जनुकीय बदल दिसला की त्याच्याशी जुळणारे नाव वाचून औषध देण्याची पद्धत फ्रान्समधील शिवा या अभ्यासात १९५ रुग्णांवर पारखली गेली होती. २०१५ च्या निष्कर्षांनुसार आजार वाढेपर्यंतचा कालावधी २.३ महिने होता, आणि नेहमीच्या उपचारांनी २ महिने. २०१८ पासून युरोपीय तज्ज्ञांची एस्कॅट ही श्रेणी उपलब्ध आहे, जी प्रत्येक बदलामागे पुरावा किती भक्कम आहे हे सांगते. प्रयोगशाळांनी औषधाच्या नावाशेजारी ही श्रेणी छापली तरी घरोघरचे बरेच गैरसमज टळतील.

प्रकरणाच्या मांडणीत तीन महिन्यांनी सीटीत गाठ निम्म्याहून लहान, पाणी नाही, चेहऱ्यावर आणि पाठीवर पुरळ, अधूनमधून जुलाब. पुढे कधीतरी आजार पुन्हा डोके वर काढेल, हे कुटुंबाला आताच सांगितले आहे. तेव्हा जुन्या पिढीच्या गोळ्यांनंतर निम्म्याच्या आसपास रुग्णांत आढळणारा, त्या गोळ्यांना दाद न देणारा टी७९०एम हा ईजीएफआरमधील बदल रक्तात शोधायचा; सापडला तर ओसिमर्टिनिबची पाळी तेव्हा येईल. रक्तात काही मिळाले नाही तर पुन्हा तुकडा घ्यावा लागेल, कारण काही गाठी स्मॉल सेल या कर्करोगाच्या वेगळ्या प्रकारात बदलतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. सेल ब्लॉकचे उरलेले काप प्रयोगशाळेने जपून ठेवले आहेत.

सत्र संपताना सहभागी डॉक्टरांनी मागणीपत्रात दोन रकाने वाढवायचे मान्य केले: छातीतून किती पाणी काढले आणि त्यातील किती पाठवले, आणि क्षयरोगाचा कोर्स चालू आहे का, असल्यास कधीपासून. पीडी-एल१चा रिपोर्ट ईजीएफआर आणि एएलके यांच्या रिपोर्टांसोबतच द्यावा, वेगळा आधी देऊ नये, अशीही सूचना आली. पण रुग्णाने पैसे भरलेला रिपोर्ट अडवून ठेवता येणार नाही, असे प्रयोगशाळांचे म्हणणे पडले आणि तो मुद्दा तसाच राहिला.